ट्यूटोरियलचा प्रस्ताव: आधी मिनिटांचा तक्ता, मग बाकीचं

संगणकशास्त्राच्या संशोधन परिषदेत ट्यूटोरियल, म्हणजे एखादा विषय काही तासांत शिकवणारं सत्र, घ्यायचं ठरलं की बहुतेक जण पेपर लिहायला बसावं तसे प्रस्ताव लिहायला बसतात: प्रस्तावना, पार्श्वभूमी, आमचं योगदान. गाडी तिथेच रुळावरून घसरते. तुमचा नवा निष्कर्ष कोणता, हे इथे कोणी विचारत नाही. निवड समितीला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. या विषयाला माणसं येतील का? आणि ही वक्तेमंडळी दिलेल्या वेळात तो नीट शिकवतील का? पहिल्याचं उत्तर विषयाच्या निवडीत असतं आणि दुसऱ्याचं मिनिटामिनिटाच्या आराखड्यात. म्हणून प्रस्तावाची सुरुवात या आराखड्यापासून करा, जरी तो छापील प्रस्तावात तिसऱ्या पानावर येणार असला तरी.

आणखी एक घोळ नेहमी होतो. वर्कशॉपमध्ये इतरांकडून पेपर मागवायचे असतात, चर्चा घडवायची असते. ट्यूटोरियलमध्ये तुम्ही शिकवता आणि समोरचे शिकतात. प्रस्तावात ‘आमंत्रित भाषणं’, ‘छोटी सादरीकरणं’, ‘पोस्टर’ असे शब्द यायला लागले, तर तुम्हाला बहुधा वर्कशॉपच घ्यायचं आहे. त्याचा कॉल (प्रस्ताव मागवणारं जाहीर आवाहन) वेगळा असतो आणि तारखाही वेगळ्या असतात.

कॉल वाचणं

ट्यूटोरियलचा कॉल प्रत्येक परिषदेचा वेगळा, आणि तो दरवर्षी थोडा बदलतो. मागच्या वर्षीचा प्रस्ताव समोर ठेवून या वर्षीचा भरू नका. सगळ्यात आधी अवधी बघा. सिगआयआर या माहितीशोधाच्या परिषदेत अर्ध्या दिवसाचं म्हणजे तीन तासांचं, किंवा पूर्ण दिवसाचं म्हणजे सहा तासांचं ट्यूटोरियल असतं. एएएआय या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या परिषदेत अर्ध्या दिवसाबरोबर पाव दिवसाचाही प्रकार असतो. सीएचआय (माणूस-संगणक संवाद) आणि सिगग्राफ (संगणकीय ग्राफिक्स) या परिषदा याच जातीच्या सत्रांना ‘कोर्स’ म्हणतात, त्यामुळे त्यांच्या संकेतस्थळावर ‘ट्यूटोरियल’ शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. भाषासंगणनाच्या क्षेत्रात एसीएल, ईएमएनएलपी आणि त्यांच्या भावंड परिषदा मिळून एकच संयुक्त कॉल काढतात. प्रस्ताव एकदाच द्यायचा आणि कोणती परिषद पहिल्या पसंतीची, कोणती दुसऱ्या, ते लिहायचं. तिथे विषय अगदी ताजा आहे की ओळखवर्गाचा, हेही आधीच सांगावं लागतं. ही निवड वरवर करू नका. ओळखवर्ग म्हणून दिलेल्या प्रस्तावाची वाचनयादी गेल्या वर्षभरातल्याच पेपरांनी भरलेली असेल, तर वाचणाऱ्याला विसंगती लगेच दिसते.

पानांची मर्यादा बहुधा दोन ते पाच पानांची असते. संदर्भ त्यात धरायचे की वगळायचे, ते तपासा. ठरलेलं टेम्प्लेट सोडून अक्षराचा आकार कमी करणं, समास आवळणं असले प्रकार केलेत तर प्रस्ताव न वाचताच परत येऊ शकतो. पेपर परीक्षणाला देताना लेखकाचं नाव लपवतात तसं लपवण्याचं कारण इथे सहसा नसतं, कारण शिकवणारा कोण आहे हाच निवडीचा एक निकष असतो.

तारखेचं गणित उलट्या दिशेने मांडा. ट्यूटोरियलची डेडलाइन परिषदेच्या सहा ते नऊ महिने आधी येणं अगदी सामान्य आहे आणि ती मुख्य पेपरच्या डेडलाइनच्या आधीही असू शकते. डेडलाइनच्या सहा आठवडे आधी विषय आणि सहवक्ते ठरलेले हवेत. चार आठवडे आधी आराखडा तयार हवा. दोन आठवडे आधी तो अशा माणसाला वाचायला द्या, जो परिषदेचा नेहमीचा श्रोता आहे पण तुमच्या विषयातला नाही. त्याला एवढंच विचारा: “तू या सत्राला येशील का, आणि दुसऱ्या तासाला काय चाललं असेल ते सांगता येईल का?” दुसऱ्या प्रश्नाला तो अडखळला, तर आराखडा अजून कच्चा आहे.

विषय किती रुंद

‘यंत्रशिक्षण आणि गोपनीयता’ हा विषय नव्हे, तो अख्खा अभ्यासक्रम झाला. उलट ‘आमच्या अल्गोरिदमची तिसरी आवृत्ती’ हा विषय एका पेपरच्या लायकीचा. मधलं माप काढण्याची एक साधी कसोटी आहे. विषयावर किमान चार-पाच वेगवेगळ्या गटांनी काम केलेलं असावं, त्यांच्यात निदान एका मुद्द्यावर मतभेद असावा, आणि तीन तासांच्या शेवटी श्रोत्याला आधी न येणारी एखादी गोष्ट करता यावी.

मग त्याच परिषदेची आणि तिच्या जवळच्या परिषदांची गेल्या तीन वर्षांची ट्यूटोरियल यादी काढा. तोच विषय सापडला तर घाबरू नका, पण तो लपवूही नका. समितीला तो सापडणारच. ‘दोन वर्षांपूर्वीच्या सत्रात सिद्धांतावर भर होता, आम्ही अंमलबजावणीतल्या चुका आणि त्यांची तपासणी घेणार आहोत’ असा सरळ परिच्छेद लिहा. तुम्ही स्वतः हेच ट्यूटोरियल आधी कुठे घेतलं असेल तर ठिकाण, वर्ष, श्रोत्यांची संख्या आणि या वेळी काय बदललं ते सांगा. आधी घेतलेलं असणं ही सहसा जमेची बाजू ठरते. फक्त तेच्या तेच पुन्हा घेऊन येऊ नका.

श्रोत्यांचा अंदाज मागतात तेव्हा ‘शंभर ते दोनशे’ असा हवेतला आकडा टाकण्याची रीत पडून गेली आहे. त्याऐवजी त्या परिषदेत गेल्या दोन-तीन वर्षांत या विषयावर किती पेपर स्वीकारले गेले ते मोजा, जवळच्या विषयाच्या सत्राला किती लोक होते ते कळलं तर लिहा, आणि त्यावरून एक आकडा द्या. आकडा लहान असला तरी चालतो. आयोजकांना तो मुख्यतः खोली ठरवायला हवा असतो.

मिनिटांचा तक्ता

आता मुख्य काम. एक उदाहरण घेऊ: डेटाबेस परिषदेसाठी डिफरन्शियल प्रायव्हसीचं (उत्तरात मोजून-मापून नॉइज मिसळून एकेका माणसाची माहिती झाकण्याच्या पद्धतीचं) तीन तासांचं सत्र. वेळापत्रकात ते बहुधा ९० मिनिटांचे दोन भाग आणि मध्ये अर्ध्या तासाची सुट्टी, असं बसतं. ‘भाग १: ओळख, भाग २: तंत्रं, भाग ३: उपयोग, भाग ४: भविष्य’ असा आराखडा कुठल्याही विषयाला चिकटवता येतो. त्यातून समितीला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा:

पहिला भाग
० ते १०: नावं काढलेल्या नेटफ्लिक्स रेटिंग्जमधून माणसं कशी ओळखता आली (२००८ चं काम), नाव गाळणं का पुरत नाही
१० ते ३५: २००६ ची व्याख्या, एप्सिलॉनचा (गोपनीयता किती कडक ते ठरवणाऱ्या आकड्याचा) अर्थ, मोजणीच्या क्वेरीसाठी (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नासाठी) लाप्लास नॉइज (उत्तरात मिसळायचा यादृच्छिक आकडा); कागदावर एक गणित
३५ ते ५०: बेरजेची क्वेरी, मूल्यांना वरची मर्यादा का घालावी लागते
५० ते ७५: एकामागून एक क्वेरी आल्यावर बजेट (एकूण किती एप्सिलॉन खर्चता येईल ती मर्यादा) कसं संपतं
७५ ते ९०: प्रश्न

दुसरा भाग
० ते २५: जॉइन (दोन तक्ते जोडणारी क्वेरी) आला की अडचण का येते
२५ ते ६५: नोटबुकवर (कोड लिहून तिथेच चालवता येणाऱ्या पानावर) सराव, तीन पायऱ्यांत
६५ ते ८०: फ्लोटिंग पॉइंटमुळे (संगणक दशांश आकडे साठवतो त्या पद्धतीमुळे) होणारी माहितीची गळती (२०१२ मध्ये दाखवून दिलेली)
८० ते ९०: न सुटलेले प्रश्न

यात दोन गोष्टी नजरेत भरतात. प्रश्नांसाठी वेगळा वेळ राखलेला आहे, आणि श्रोता स्वतः काही करणार आहे अशा जागा दिसतात. ‘कागदावर एक गणित’ म्हणजे नेमकं काय, तेही एका ओळीत सांगा: मोजणीच्या क्वेरीत एक माणूस कमी-जास्त झाला तर उत्तर फार तर १ ने बदलतं, एप्सिलॉन ०.५ असेल तर लाप्लास नॉइजचं माप १ भागिले ०.५, म्हणजे २. मग उत्तर साधारण कितीने हलेल? प्रमाण विचलन सुमारे २.८ येतं. एवढं वाचलं की रिव्ह्यूअरची खात्री पटते की शिकवणाऱ्याने वर्ग खरोखर डोळ्यांसमोर आणला आहे. आमच्या मते अख्ख्या प्रस्तावात ही एक ओळ सगळ्यात जास्त काम करते, आणि नेमकी तीच बहुतेक प्रस्तावांत नसते.

स्लाइडचा हिशेब इथेच करून टाका. मजकुराच्या एका स्लाइडला दीड ते दोन मिनिटं लागतात, सूत्र किंवा सिद्धता असेल तर तीन-चार. ९० मिनिटांतून प्रश्नांची १५ वजा केली की ७५ उरतात, म्हणजे एका भागात ४० ते ४५ स्लाइड. जुन्या भाषणांतून गोळा केलेल्या स्लाइड १४० भरत असतील, तर दुसऱ्या भागाचा शेवट गुंडाळला जाणार हे आत्ताच नक्की आहे. कुठला तुकडा गाळायचा ते आधीच ठरवून आराखड्यात लिहून ठेवा. वरच्या उदाहरणात फ्लोटिंग पॉइंटचा तुकडा गाळता येईल, बजेटचा मुळीच नाही.

तक्ता तयार झाला की शिकण्याची उद्दिष्टं त्यातूनच निघतात. ‘श्रोत्यांना डिफरन्शियल प्रायव्हसीची सखोल ओळख होईल’ याला काही अर्थ नाही. ‘दिलेल्या एसक्यूएल क्वेरीची संवेदनशीलता (एका माणसाने उत्तर फार तर कितीने बदलतं ते) काढता येईल, त्यानुसार नॉइज मिसळता येईल आणि दोन क्वेरींनंतर किती बजेट उरलं ते सांगता येईल’ असं लिहिलं की ते तपासता येतं. अशी तीन उद्दिष्टं पुरे.

पूर्वतयारीही तक्त्यातूनच येते. ‘संगणकशास्त्राचं सामान्य ज्ञान’ असं लिहू नका. ‘एसक्यूएलमध्ये ग्रुप बाय लिहिता यायला हवं, संभाव्यतेत सरासरी आणि प्रमाण विचलन माहीत हवं, क्रिप्टोग्राफीची गरज नाही’ असं लिहा. ‘कशाची गरज नाही’ हे सांगितल्याने बिचकलेले कितीतरी लोक आत येतात.

इतरांचं काम

ट्यूटोरियल नाकारलं जाण्याचं एक जुनं कारण म्हणजे ते वक्त्यांच्या गटाची जाहिरात वाटणं. एसीएलच्या संयुक्त कॉलमध्ये तर तुमचं काम किती आणि इतरांचं किती, हे विचारूनच घेतात. इतर परिषदांत तो प्रश्न छापलेला नसला तरी रिव्ह्यूअरच्या डोक्यात असतो. वाचनयादीत १५ नावं असतील आणि त्यातली ७ वक्त्यांचीच असतील, तर मोजायला कोणाला वेळ लागत नाही. ज्या पद्धतीशी तुमचा मतभेद आहे तीही शिकवा आणि आराखड्यात तिला नावानिशी जागा द्या. यादी १० ते २० नोंदींपुरती ठेवा. आधी वाचून यायच्या दोन-तीन नोंदींवर खूण करा, कारण १५ पेपर वाचून कोणी येत नाही.

एखादं सॉफ्टवेअर शिकवायचं असेल तर हा धोका दुप्पट असतो. आपलं टूल दाखवायला हरकत नाही, पण त्याच प्रश्नावरचं निदान एक दुसरं टूल शेजारी चालवून दाखवा आणि आपलं कुठे कमी पडतं ते सांगा.

कोण शिकवणार

तीन तासांसाठी दोन ते चार वक्ते ठीक. एकट्याने तीन तास बोललं की आवाजही थकतो आणि श्रोतेही. सहा जणांनी अर्धा-अर्धा तास वाटून घेतला की प्रत्येक जण आपली प्रस्तावना नव्याने सुरू करतो, सूत्रांतली चिन्हं बदलतात, आणि सत्राचं संमेलन होतं. आराखड्यातल्या प्रत्येक तुकड्यापुढे नाव लिहा. वक्ते वेगवेगळ्या संस्थांतले आणि अनुभवाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचे असावेत. अनेक परिषदा हे निकषांतच धरतात. त्यातून फायदाही होतो, कारण सराव घेताना ताजा पीएचडी विद्यार्थी कोणता एरर कुठून येतो हे ज्येष्ठांपेक्षा लवकर ओळखतो.

परिचय १०० ते १५० शब्दांचा. त्यात पुरस्कारांची रांग नको, शिकवल्याचा पुरावा हवा: कोणता अभ्यासक्रम शिकवला, कुठे ट्यूटोरियल घेतलं, एखाद्या व्याख्यानाचा व्हिडिओ असेल तर दुवा. काही कॉल शिकवतानाची छोटी चित्रफीत किंवा नमुना स्लाइड मागतात. तेव्हा सगळ्यात देखणा भाग देऊ नका. सगळ्यात अवघड संकल्पना समजावतानाचा भाग द्या.

मोठं नाव नुसतं यादीला शोभा म्हणून जोडायचा मोह आवरा. बऱ्याच परिषदांत प्रत्यक्ष हजर राहणं बंधनकारक असतं. कोण नक्की येणार आणि व्हिसा किंवा आजारपणाने कोणी अडकलं तर त्याचा तुकडा कोण घेणार, हे प्रस्तावातच एका वाक्यात सांगा.

हँड्स-ऑन असेल तर

‘श्रोते स्वतःच्या लॅपटॉपवर सराव करतील’ या वाक्यामागे काय काय बिघडू शकतं त्याचा हिशेब मांडून बघा. ६० जण ५ जीबीची डॉकर इमेज (सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली फाइल) डाउनलोड करायला लागले तर एकूण ३०० जीबी होतात. खोलीतल्या वायफायला सगळ्यांत मिळून १०० एमबीपीएस मिळाले असं धरलं, तरी त्याला सहा तास चाळीस मिनिटं लागतात, आणि तुमचं सत्र तीन तासांचं आहे. म्हणून सराव ब्राउझरमध्ये चालणाऱ्या नोटबुकवर ठेवा आणि डेटा काही एमबींपुरता कापा. लायब्ररींच्या आवृत्त्या गोठवून टाका, नाहीतर आदल्या आठवड्यात आलेली नवी आवृत्ती ऐन वेळी दगा देते. पेन ड्राइव्हवर सगळ्याची एक प्रत असू द्या.

बाहेरच्या एपीआयवर (दुसऱ्याच्या सर्व्हरवरची सेवा कोडमधून वापरण्याच्या सोयीवर) अवलंबून असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. परिषदेच्या नेटवर्कवरची सगळी माणसं बाहेरून बहुधा एकाच आयपी पत्त्यामागे दिसतात. तुमच्या ऑफिसात एकट्याने चालवलेला कोड तिथे ६० जणांनी एकदम चालवला, की सेवा देणारा सर्व्हर मर्यादा ओलांडली म्हणून सगळ्यांनाच अडवतो. त्यासाठी उत्तरं आधीच साठवून ठेवलेली फाइल हाताशी हवी.

मदतनीसही मोजून घ्या. ६० पैकी ६ जण अडकले आणि प्रत्येकाला तीन मिनिटं दिली, तरी १८ मिनिटं गेली. १५ ते २० श्रोत्यांमागे एक मदतनीस धरा, नावं प्रस्तावात द्या, आणि नोटबुकच्या प्रत्येक पायरीनंतर सोडवलेली प्रत ठेवा, म्हणजे अडकलेला माणूस पुढच्या पायरीपासून पुन्हा सामील होऊ शकतो. खोलीत प्रत्येक टेबलाशी वीज हवी, हे ‘लागणारी साधनं’ या रकान्यात स्पष्ट लिहा. तो रकाना ‘प्रोजेक्टर, माइक’ एवढ्यावर सोडून देतात आणि मग दुसऱ्या तासाला अर्धे लॅपटॉप मिटतात.

शीर्षक आणि सारांश शेवटी

हे दोन्ही सगळ्यात शेवटी लिहा. कार्यक्रमपत्रिकेच्या चौकटीत श्रोत्याला आधी फक्त शीर्षक दिसतं. तिथे कोटी किंवा श्लेष नको, विषय आणि कोणासाठी ते हवं: ‘डेटाबेस संशोधकांसाठी डिफरन्शियल प्रायव्हसी: व्याख्येपासून चालत्या कोडपर्यंत’. सारांश दोन तयार ठेवा. एक समितीसाठी, ज्यात हा विषय आत्ता आणि याच परिषदेत का, ते येईल. दुसरा १५० ते २०० शब्दांचा, श्रोत्यासाठी, ज्यात काय शिकाल आणि काय आलं पाहिजे ते येईल. एकच मजकूर दोन्हीकडे चिकटवला की श्रोत्याला ‘हा विषय अत्यंत महत्त्वाचा आहे’ याचे तीन परिच्छेद वाचावे लागतात.

पाठवण्यापूर्वी खर्चाची बाजूही विचारून घ्या. अनेक परिषदा एक-दोन वक्त्यांची नोंदणी माफ करतात, प्रवासखर्च मात्र सहसा देत नाहीत. रेकॉर्डिंग आणि स्लाइड खुल्या करण्याला सगळ्या वक्त्यांची संमती हवी. कंपनीत काम करणारा सहवक्ता असेल तर त्याच्या मंजुरीला आठवडे लागू शकतात. काही शंका असेल तर ट्यूटोरियल चेअरला (परिषदेत ट्यूटोरियलचं काम पाहणाऱ्या प्रमुखाला) थेट ईमेल करा. ‘हा विषय तुमच्या परिषदेत बसतो का?’ असा चार ओळींचा प्रश्न आधी विचारलेला त्यांना आवडतो, फक्त तो डेडलाइनच्या आदल्या रात्री नको.

निकाल आल्यावर

स्वीकार झाला तर दोन गोष्टी लगेच करा: संकेतस्थळावर एक पान उघडा आणि स्लाइड देण्याची तारीख सहवक्त्यांच्या कॅलेंडरमध्ये आठवडाभर अलीकडे टाका. नोंदणी फार कमी झाली तर काही परिषदा सत्र रद्द करतात, म्हणून ईमेल याद्यांवर आणि ओळखीच्या गटांत लवकर कळवा. सगळ्या वक्त्यांनी मिळून एकदा घड्याळ लावून पूर्ण तालीम करा. दोन वक्त्यांची चिन्हं जुळत नाहीत, एकाच गोष्टीची ओळख दोनदा होते आहे, हे सगळं तिथेच उघडं पडतं.

नकार आला तर अभिप्राय नीट वाचा. ‘विषय चांगला, पण फार रुंद’ असं असेल तर तक्त्यातले दोन तुकडे कापून पुढच्या कॉलला द्या. ‘आमच्या श्रोत्यांसाठी नाही’ असं असेल तर परिषद बदला, आणि नव्या परिषदेच्या श्रोत्यांसाठी पूर्वतयारीचा परिच्छेद आणि पहिली ३५ मिनिटं नव्याने लिहा. ‘याच विषयावर दुसरा प्रस्ताव निवडला’ असं असेल तर प्रस्तावात फारसं काही बदलायची गरज नाही. तोच पुढच्या वर्षी, त्या झालेल्या सत्राचा उल्लेख करून, पाठवता येतो.